मेजर लोकांची खोली

17 सप्टेंबर आला की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेपासूनच तिरंगा, स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो आणि मुक्तीसंग्राम दिनाच्या शुभेच्छा सुरू होतात. शाळेत झेंडावंदन होतं, लेकरांची प्रभातफेरी निघते आणि मग ग्रामपंचायतीपुढं मंडपात गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ, एक फोटो. आमचे अण्णा, म्हणजे वडील, तोपखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेत, ट्रेनिंग नाशिकरोडला, नंतर सगळा देश फिरले, आणि गावात त्यांना सगळे मेजरच म्हणतात, फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं मेजरच म्हणतात. घरच्या ट्रंकेत शालींचा गठ्ठा आहे. आई त्या उन्हात टाकून परत घडी घालून ठेवते आणि मला त्या शालींचं खरंच कौतुक आहे, देणाऱ्यानं मनापासून दिलेल्या असतात. पण 18 सप्टेंबरला सकाळी त्याच मेजरला लाइफ सर्टिफिकेटसाठी, म्हणजे पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी, तालुक्याला सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामांच्या केंद्रावर) जायचं असतं, मशीनवर अंगठा उमटत नसतो, कानाला ऐकू कमी येतं (तोफेजवळ आयुष्य गेलेल्या माणसाचा कान कसा राहणार) आणि तिथला पोरगा काय विचारतोय तेच कळत नसतं. तेव्हा सोबत कोण असतं? मला तर सत्कारापेक्षा हा प्रश्न लई मोठा वाटतो, आणि त्याचं एक उत्तर मला अमेरिकेतल्या एका छोट्या गावात बघायला मिळालं म्हणून हे सगळं लिहायलेय.

झालं असं की धाकट्या भावाला बाळ झालं म्हणून आईला घेऊन मी मागच्या उन्हाळ्यात ओहायोला गेलते. गाव लहान, मक्याची शेतं, मोठा रस्ता एकच. शेजारी एक म्हातारे आजोबा राहतात, व्हिएतनामच्या लढाईत जाऊन आलेले. आमचे वडील फौजेत होते हे भावानं त्यांना सांगितलं तसं ते रोज कुंपणापाशी येऊन अण्णांची चौकशी करायचे, तोफ कुठली होती, किती थंडीत राहिले, आता तब्येत कशी. 14 जूनला म्हणाले चला, आमच्या लॉजवर फ्लॅग डे आहे, बाहेरच्यांनाही येता येतं. मला लॉज म्हणजे आपल्या बसस्टँडजवळचं लॉज एवढंच माहीत, तिकडं लॉज म्हणजे एखाद्या बंधुभाव मंडळाची शाखा आणि तिचा हॉल. यांचं मंडळ एल्क्स, पूर्ण नाव बेनेव्होलंट अँड प्रोटेक्टिव्ह ऑर्डर ऑफ एल्क्स. एल्क हे तिकडचं मोठ्या शिंगांचं हरीण, तेच यांचं चिन्ह.

हे मंडळ 1868 ला न्यूयॉर्कमध्ये नाटकवाल्या लोकांनी काढलं, आधी नुसतंच रविवारी एकत्र बसून गाण्याबजावण्याचं आणि पिण्याचं टोळकं होतं, मग त्यांच्यातला एकजण वारला, बायकोपोरं उघड्यावर पडली, आणि या लोकांना वाटलं की आपण नुसतं बसायचं नाही, एकमेकांच्या घराला आधार द्यायचा. सुरवात अशी एका विधवेच्या घरापासून झाली हे मला फार भावलं. आज त्यांची देशभर हजाराच्या वर लॉजं आहेत. सभासद व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, वय 21 च्या पुढं लागतं, देवावर श्रद्धा लागते आणि आधीच्या सभासदानं नाव सुचवावं लागतं. दरवर्षी वर्गणी. म्हणजे हौशे-नवशे आले, फोटो काढून गेले असं नाही, नाव लागलं की काम लागलं.

फ्लॅग डेचा कार्यक्रम असा की त्यांच्या देशाच्या झेंड्याची वेगवेगळ्या काळातली रूपं एकामागं एक आणतात. 14 जून का, तर 1777 मध्ये त्या दिवशी त्यांनी राष्ट्रध्वज ठरवला. एल्क्सवाले विसाव्या शतकाच्या सुरवातीपासून हा दिवस पाळतात, सरकारनं कायदा करून तो राष्ट्रीय दिवस केला 1949 ला, आणि त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन स्वतः एल्क्सचे सभासद होते. योगायोग असा की आपल्याकडं 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन सुरू झाला तोही 1949 लाच. तर झेंडे आणत होती स्काउटची पोरं-पोरी, दहा-बारा वर्षांची, एकेक झेंडा आला की त्याची गोष्ट एक लेकरू माइकवर वाचायचं आणि म्हातारे सैनिक खुर्चीतून उठून उभे राहायचे, एकजण वॉकरला धरून उठला. भाषण असं कुणाचं झालंच नाही म्हटलं तरी चालेल. आई शेजारी बसून डोळे पुसायली, तिला इंग्रजी एक अक्षर कळत नाही.

पण मी खरी थांबले ती कार्यक्रम झाल्यावर, त्यांच्या भिंतीवरच्या बोर्डापाशी. त्या बोर्डावर महिन्याचा तक्ता. कुठल्या मंगळवारी कुणाला दवाखान्यात न्यायचं आणि गाडी कुणाची, कुणाच्या घरच्या पायऱ्यांना लाकडी उतार करायचाय, आजारी कोण, भेटायला कोण जाणार. आजोबांनी एकेक समजावून सांगितलं. त्यांच्यात शिकारीला जाणारे लोक हरणाची कातडी मंडळाला देतात, ती कमावून तिचे हातमोजे करतात आणि व्हीलचेअरवरच्या सैनिकांना देतात, का तर चाक हातानं ढकलून ढकलून तळवे सोलून निघतात. उरलेल्या चामड्याचं सामान दवाखान्यातल्या सैनिकांना हाताच्या कामासाठी जातं. रस्त्यावर राहणाऱ्या माजी सैनिकाला सरकारनं खोली दिली की ती खोली मोकळीच असते, मग हे लोक पलंग, भांडी, चादरी, टॉवेल असं पहिल्या दिवशी लागणारं सगळं नेऊन देतात. चाकानं तळवे सोलतात हे लक्षात यायला माणूस त्या सैनिकाशेजारी बसलेला असावा लागतो, लांबून सलाम ठोकणाऱ्याला ते कधी दिसणारच नाही. जोवर माजी सैनिक आहेत तोवर आम्ही त्यांना विसरणार नाही असं या मंडळाचं वचन आहे, आणि त्या बोर्डासमोर उभं राहून मला ते पटलं.

लेकरांसाठीचंही तसंच. एका जागी थांबून बास्केटबॉलच्या रिंगमध्ये बॉल टाकायची त्यांची एक स्पर्धा आहे, हूप शूट म्हणतात, 8 ते 13 वयाच्या मुलामुलींची, प्रत्येकाला 25 संधी. गावातून सुरू होऊन जिंकत गेलेलं पोरगं थेट देशाच्या फायनलला जातं, 1972 पासून चालू आहे. साधी गोष्ट, रिंग आणि बॉल, पण त्यासाठी महिना महिना सरावाला उभं कोण राहतं तर लॉजमधले म्हातारे. शाळेतल्या तिसरीच्या पोरांना डिक्शनऱ्या वाटायच्या, कॉलेजला स्कॉलरशिप द्यायची ही कामं पण आहेतच. आणि रात्री अकराला, हॉलमध्ये जे कुणी असतील ते उभे राहतात आणि आज इथं नसलेल्या सभासदांची आठवण काढतात. रोज, सणवार असो नसो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. या मंडळाच्या घटनेत 1973 पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद होता येत होतं. काळ्या लोकांनी 1898 ला आपलं वेगळं एल्क्स मंडळ काढलं, ते आजही आहे. बायकांना घ्यायला यांना 1995 उजाडलं. म्हणजे देशासाठी लढून आलेला काळा सैनिक किती वर्षं यांच्या दारात उभा राहू शकला नाही. बंधुभाव म्हणायचं आणि भाऊ निवडून घ्यायचे, हे मला अजिबात मान्य नाही, आणि हे लिहिताना मला आपली गावं डोळ्यापुढं येतात. गल्लीचं मंडळ वेगळं, समाजाचं वेगळं, पक्षाचं वेगळं, जयंत्यांच्या वर्गणीच्या पावत्या वेगळ्या. फौजेत अण्णांच्या बॅरेकमध्ये एका लंगरला सगळे जेवले आणि गावात आल्यावर मेजर लोकांनी तीन ठिकाणी बसायचं, असं होऊ द्यायचं नाही. बायकांचं म्हणाल तर आपल्या मराठवाड्याला हे शिकवायची गरजच नाही, धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हत्यार घेऊन निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद रझाकारांशी लढल्या त्या 1948 च्या काळात.

आणि मराठवाड्यावर सैनिकांचं ऋण जरा जास्तच आहे असं माझं ठाम मत आहे. सगळा देश 15 ऑगस्ट 1947 ला मोकळा झाला, आपण निजामाच्या राज्यात राहिलो, वर तेरा महिने रझाकारांचा जाच. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्या लातूरचाच वकील. गावोगावची पोरं घर सोडून सोलापूर जिल्ह्यातल्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेली, तिथून लढली, कितीतरी परत आली नाहीत. मग 13 सप्टेंबर 1948 ला सैन्य आत शिरलं, सोलापूरकडून येणारा रस्ता नळदुर्गावरून, आणि तिथंच पहिल्या दिवशी शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग पडले. शत्रूची गाडी अडवली, मग मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, पायाला गोळ्या लागल्या तरी सरपटत पुढं जाऊन ग्रेनेड टाकले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं, स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या अशोक चक्रांपैकी एक. मी कितीतरी वेळा तुळजापूरहून नळदुर्गमार्गे गेले, किल्ला बघितला, नर-मादी धबधबा बघितला, तिथं सेल्फी काढले, आणि पंजाबातल्या एका हवालदारानं इथं जीव दिला हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, अण्णांनी सांगितलं. त्या 17 तारखेला निजाम शरण आला. पाच दिवसांचं युद्ध म्हणून आपण सोडून देतो, पण बचित्तर सिंगांच्या घरी त्या पाच दिवसांनी काय केलं असेल.

दुसरं ऋण आमच्या औसा, उमरगा, लोहारा भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले, आणि किल्लारीचा भूकंप. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या माळवदाची घरं, धाब्याखाली गाडली गेलेली माणसं, त्यात नंतर पाऊस. ढिगारे उपसायला जवान आले. आई सांगते की तोंडाला फडकं बांधून ती पोरं दिवसरात्र उपसायची, भाषा कळायची नाही, आपल्या बायांनी भाकरी पुढं केली तर आधी लेकरांना द्या म्हणून खुणा करायची. अण्णा त्यावेळी लांब पोस्टिंगवर होते, त्यांना रेडिओवर कळलं, सुट्टी मिळून घरी यायला दिवस गेले. म्हणजे आमच्या चुलत्याच्या घराचा ढिगारा उपसला तो दुसऱ्या कुणाच्या तरी लेकानं, आणि त्याच वेळी आमचे अण्णा दुसऱ्या कुणाच्या तरी गावाची राखण करायलेते. हे गणित मनात एकदा बसलं की मग आपल्या गावात जो मेजर आलाय तो आपल्याच वाट्याला आलेला, त्याचं आपणच बघायचं, हे सांगावं लागत नाही.

तर आता बघायचं म्हणजे काय बघायचं. फौजेतला साधा शिपाई पस्तीस-चाळीसच्या आतबाहेर घरी येतो. गावाला वाटतं पेन्शन आहे, कँटीन आहे, मजा आहे. पेन्शन आहे खरी. पण आता सगळं स्पर्श या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. पासवर्ड कुणाकडं तर पुण्यातल्या पोराकडं. ईसीएचएसचं कार्ड आहे, 2003 पासून ती दवाखान्याची योजना आहे, पण पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या ठिकाणी, सकाळच्या एसटीनं जायचं, नंबर लावायचा, औषध नसलं तर परत यायचं. पोट भागत नाही म्हणून कितीतरी जण परत गार्डची ड्युटी करायलेत, पुण्याला नाहीतर चाकणला. माजी सैनिकाला आणि सैनिकाच्या विधवेला घरपट्टी माफ आहे हे आमच्या आसपासच्या कितीतरी घरांना माहीतच नव्हतं, अर्ज कुणी दिलाच नव्हता.

आणि सगळ्यात वाईट हाल नावाचे. आपल्याकडं लग्नात बाईचं नाव बदलतं. नवऱ्यानं भरती झाल्यावर रेकॉर्डला लिहिलं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, जन्मतारीख तर अंदाजे. नवरा जिवंत आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शनच्या वेळी ही बाई तीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं, अॅफिडेव्हिट, सरपंचाचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं. आमच्या शेजारच्या गावात एक मावशी आहेत, नाव लिहीत नाही, त्यांचे मालक वारल्यावर कागदं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत राहिली आणि त्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या. मालकाचा सत्कार झालेला फोटो भिंतीला होता. मला त्या फोटोसमोर बसून चहा प्यायला जड गेलं.

दुसरीकडं पोरं. पहाटे पाचला आमच्या औसा रोडला गाडी घेऊन निघा, अंधारात टॉर्च लावून पोरं पळायलेली दिसतील, पोरीपण. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान, 1600 मीटर साडेपाच मिनिटांत आलं की पूर्ण मार्क, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटी खड्डा. अकॅडमीची फी भरायला बापानं सोयाबीन भाव नसताना विकलेलं असतं. त्यात ज्याला घरात विचारायला कुणी नाही तो पोरगा मेडिकलला जाऊन कळतं की गुडघे टेकतात किंवा कानात मळ आहे म्हणून परत पाठवलं, आणि यातलं कितीतरी आधी सांगता, सुधारता येण्यासारखं असतं. अण्णा एका नजरेत सांगतात की याची पळायची ढब चुकलीय, टाच आपटतोय, वर्षात नडगी जाणार. आणि दहावीतल्या हुशार पोरांना हे पण कुणी सांगत नाही की छत्रपती संभाजीनगरला एसपीआय आहे, सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था, राज्य सरकारची, 1977 पासूनची, तिथं एनडीएची, म्हणजे फौजेत ऑफिसर घडवणाऱ्या पुण्याच्या प्रबोधिनीची, तयारी करून घेतात, आणि एनडीएत 2022 पासून मुलीही जायलेत. शेतकऱ्याचं पोरगं ऑफिसर होऊ शकतं हे वाक्य गावातल्या मेजरनं म्हटलं तर पोराला खरं वाटतं, मोबाईलवरच्या व्हिडिओनं नाही वाटत.

अग्निवीरांचं तर अजून कुणी मनावरच घेतलं नाही. 2022 ला योजना आली, चार वर्षांची नोकरी, जास्तीत जास्त चारातला एक कायम राहणार, बाकीचे सेवानिधीचे पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026-27 मध्ये भरायलेत. योजना चांगली का वाईट यावर पारावर भांडायला मला वेळ नाही, ती पोरं तेवीस-चोवीस वर्षांची, अंगात शिस्त घेऊन गावात उतरणार आहेत हे मात्र नक्की. त्यांना गावानं काय म्हणायचं? माजी सैनिक म्हणून कागदावर धरतील न धरतील, गावानं तरी धरावं. ती पोरं अकरा-बारा लाख रुपये घेऊन येणार आणि कुणीतरी प्लॉटिंगवाला दारात उभा राहणार, त्याच्याआधी आपण उभं राहावं एवढंच माझं म्हणणं.

मी अमेरिकेहून आल्यावर हे सगळं अण्णांना आणि त्यांच्या पारावरच्या मंडळींना सांगितलं. अण्णांचे मित्र आहेत एक, फौजेच्या सिग्नल विभागातले सुभेदार, ते सगळं ऐकून म्हणाले,

"बाई, हे आपल्याला नवं नाही. सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवतो का आपण? पहाऱ्याची यादी लागतीच की. कुणी रात्री दोन ते चार, कुणी चार ते सहा. नाव लागलं की माणूस येतोच, पाऊस असो नाहीतर काही."

अण्णा म्हणाले, "मग लावा यादी. आमच्या ड्युट्या लावायची सवय अजून गेली नाही."

मला तर अंगावर काटा आला. जे मी ओहायोत बोर्डावर बघून आले ते आमच्या मारुतीच्या देवळात पिढ्यान् पिढ्या भिंतीला चिकटवलेलं असतं, पहाऱ्याची यादी, अन्नदात्यांची यादी, पंगतीला वाढणाऱ्यांची यादी. फक्त सप्ता सात दिवसांचा. हा वर्षभराचा करायचा.

सुरवात खोलीपासून केली. शाळेची एक जुनी खोली रिकामी पडली होती, ग्रामपंचायतीनं वापरायला दिली, पोरांनी चुना मारला, पत्रे नीट केले, एका किराणा दुकानदारानं टेबल दिला. बोर्डावर नाव काय टाकायचं यावर चर्चा लांबायली तेव्हा एका पोरानं खडूनं लिहून टाकलं, मेजर लोकांची खोली, तेच राहिलं. दर रविवारी सकाळी दहा ते एक. तिथं एक मोठी वही आहे, तिच्यात आमच्या आणि आसपासच्या गावातल्या प्रत्येक फौजी घराचं एक पान. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर) सोडून बाकी सगळं, म्हणजे डिस्चार्ज बुक जागेवर आहे का, बायकोचं नाव सगळीकडं एकच आहे का, हयातीचा दाखला कुठल्या महिन्यात, ईसीएचएस कार्ड झालं का, घरात आजारी कोण. नंबर आणि पासवर्ड वहीत लिहायचे नाहीत हा सुभेदार काकांचा नियम, आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर खोलीत आल्याशिवाय सांगायचा नाही हा दुसरा.

भरतीची पोरं-पोरी पळून आली, आंघोळ केली की येतात. एकेकाला दोन-दोन घरं वाटून दिलीत. मोबाईलवर स्पर्शचं काम पोरं करतात, तोंड दाखवून हयातीचा दाखला निघतो तेव्हा अंगठ्याची कटकट राहत नाही, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं तर मोटारसायकल पोराची आणि पेट्रोल वर्गणीतून. बदल्यात मेजर लोक त्यांना मैदानावर घेतात. हिशोब खडूनं फळ्यावर, आलेले किती, गेले किती, कुणालाही वाचता यावा असा. पहिल्यांदा काहीजणांनी विचारलं की हे कुठल्या पक्षाचं, मागं कोण आहे. दारात पाटी लावली की इथं राजकारणाचं बोलायचं नाही, आणि सभासद होताना जात, गल्ली, धर्म विचारायचा नाही. एक शहीद जवानाची आई येते, एक बॉर्डर पोस्टवर पाय गमावलेले काका येतात, एक सीआरपीएफचे रिटायर येतात. ते सैन्याचे नाहीत म्हणून एकानं कुरबुर केली, अण्णांनी एका वाक्यात मिटवलं, "गोळी लागताना ती खातं विचारत नसती."

लहान पोरांसाठी काय करायचं हे अजून नीट ठरलं नाही. मी हूप शूटची गोष्ट सांगितली तर बास्केटबॉलची रिंग कुठून आणायची असा प्रश्न आला, मग पीटीच्या सरांनी लगोरीची स्पर्धा सुचवली, खर्च शून्य, मुली-मुलगे दोघंही खेळतात, दहा गावांत आधी गावची, मग सर्कलची, मग तालुक्याची असं करता येईल. मला ते आवडलंय. आणि पुढच्या 17 सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन झाल्यावर पाचवी ते आठवीची लेकरं एकेक गोष्ट सांगणार आहेत, नळदुर्गच्या बचित्तर सिंगांची एक, दगडाबाईंची एक, किल्लारीच्या जवानांची एक, आणि आपल्याच गावातल्या प्रत्येक मेजरची एक. लेकरांनी त्या गोष्टी त्या त्या घरी जाऊन ऐकून यायच्या, लिहून काढायच्या. सत्कार ठेवायचाच, शाल द्यायचीच, फक्त ती गोष्ट सांगणाऱ्या लेकराच्या हातून.

7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचं पण ठरलंय. लाल, निळा आणि आकाशी असा तो छोटा झेंडा, तिन्ही दलांचा, शाळेत आपण रुपया देऊन खिशाला लावायचो आणि पैसे कुठं जातात हे कधी विचारायचो नाही. ते जातात शहिदांच्या घरांना, माजी सैनिकांच्या कल्याणाला. या वर्षी पोरं डबा घेऊन बाजारच्या दिवशी फिरतील तेव्हा प्रत्येकाला हे सांगतील, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पावती खोलीच्या दाराला लावतील. त्याच कार्यालयाकडून लेकरांच्या स्कॉलरशिपचे आणि वसतिगृहाचे फॉर्म पण आणायचेत, आमच्या वहीतल्या कितीतरी घरांत त्या वयाची पोरं आहेत.

त्या मावशींचं काम येत्या रविवारी आहे. नाव दुरुस्तीचं पाकीट तयार झालंय, अॅफिडेव्हिट झालंय, फक्त एका कागदावर सही राहिलीय, ती झाली की सोमवारी स्पीड पोस्टनं रेकॉर्ड ऑफिसला जाईल आणि पाठपुराव्याला दोन पोरी नेमल्यात. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागात कुणाला स्पर्शचं किंवा फॅमिली पेन्शनचं काम पक्कं येत असेल, बँकेतून, पोस्टातून, फौजेच्या क्लार्क ट्रेडमधून रिटायर झालेलं कुणी असेल, तर एखाद्या रविवारी या आणि आमच्या पोरांना दोन-तीन तास शिकवून जा. एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून आणायला गाडी पाठवू. जेवण आमच्या घरी, आईनं आधीच सांगून ठेवलंय.